टॅली, श्रीलिपी, विचर आणि व्हॅलोरंट एकाच पीसीवर: विंडोज १० नंतर काय?

सुताचा_गुंता

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचं सुताचं दुकान आहे. दुकानाचे हिशेब टॅलीवर होतात. त्याच मशीनवर मी डीटीपीची कामं घेते: लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि दोन दिवाळी अंकांची मांडणी. जुन्या फाइल्स सगळ्या श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आणि ते हार्डवेअर लॉकवर, म्हणजे मशीनला लावाव्या लागणाऱ्या छोट्या किल्लीवर चालतं. मुलगा अकरावीला आहे, तो व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळतो. आणि लपवण्यासारखं काही नाही, रात्री सगळे झोपले की मीही विचर ३ खेळते.

मशीन: इंटेल आय-५ ७५००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं कार्ड, २४० जीबीची एसएसडी, १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि हे मशीन विंडोज ११ ला चालणार नाही असा मेसेज येतो.

दुकानदार म्हणतो नवीन मशीन घ्या. पुण्याचा भाचा म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाक मावशी, विषय संपव. यजमान म्हणतात मॅक मिनी घेऊ. तिघांपैकी एकालाही श्रीलिपी उघडता येत नाही, हे जाता जाता सांगते.

जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रेनकोट

रुमाल टाकून ठेवतो. माझंही मशीन सातव्या पिढीचंच आहे.

मध्यरात्रीचा_चहा

भाचा बरोबर सांगतोय. लिनक्सवर गेम चालत नाहीत हे आता जुनं झालं. २०१८ साली स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने प्रोटॉन आणलं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायला. त्याच्या पोटात वाइन आहे, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं, जे १९९३ पासून चालू आहे. विंडोजसाठी लिहिलेला गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत ग्राफिक्स कार्डाला आज्ञा देतो. त्या आज्ञा लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कन या भाषेत बदलायचं काम डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी करतात. तुम्हाला यातलं काहीच करावं लागत नाही. स्टीममध्ये कम्पॅटिबिलिटीचं बटण चालू करायचं आणि गेम इन्स्टॉल करायचा. २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं मशीन आलं, त्यावर लिनक्सच आहे, त्यामुळे व्हॉल्व्हला हे नीट चालवणं भागच आहे.

ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाले पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेले. आकडा छोटा वाटेल, पण दहा वर्षांपूर्वी एक टक्क्याची मारामार होती.

विचर ३ मस्त चालेल. प्रोटॉनडीबी नावाच्या साइटवर गेमचं नाव टाका, कोणत्या कार्डावर कसा चालला ते लोकांनी लिहून ठेवलेलं असतं. एपिकचे आणि जीओजीचे गेम हीरोइक नावाच्या लाँचरमधून चालतात.

ताळेबंद

चहावाले साहेब, ताईंनी चार गोष्टी लिहिल्या आहेत, तुम्ही त्यांतल्या एकाच गोष्टीचं उत्तर दिलंत.

टॅलीप्राइम विंडोजचंच आहे. वाइनवर काही लोक चालवतात, पण मार्च एन्डिंगला तुमचं टॅली बंद पडलं तर तो भाचा पुण्याहून येणार आहे का? शिवाय जीएसटी आणि टेंडरसाठी डिजिटल सहीचा टोकन असेल तर त्याचा ड्रायव्हर, सहीचं सॉफ्टवेअर, ब्राउझर या तिघांचं जमायला हवं. विंडोजवरच ते दर दोन महिन्यांनी रुसतात.

नागपुरात माझ्या ऑफिसात सहा मशीन आहेत, सगळी विंडोज. आवड म्हणून नाही. क्लायंट ज्या स्वरूपात डेटा देतात तो उघडायला हवा म्हणून.

मध्यरात्रीचा_चहा

@ताळेबंद, मान्य. पण टॅली आणि श्रीलिपी लिनक्समध्ये व्हर्च्युअलबॉक्सवर (एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवणारा प्रोग्राम, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन) विंडोज टाकून चालवता येतील की. यूएसबीचा लॉक आतल्या विंडोजला देता येतो. १६ जीबी रॅम आहे, त्यातली ६ जीबी आतल्या विंडोजला दिली तरी भागेल.

कळफलक

मी याच धंद्यात आहे, म्हणून श्रीलिपीबद्दल लिहिते. व्हर्च्युअल मशीनमध्ये लॉक ओळखला जातो की नाही हे लॉक कोणत्या पिढीचा आहे त्यावर ठरतं. माझा जुना पॅरलल पोर्टवाला लॉक होता, त्याचं तर बोलायलाच नको. यूएसबीवाला असेल तर करून बघायला हरकत नाही, पण दिवाळी अंकाची फाइल छपाईला द्यायच्या आठवड्यात बघू नका.

दुसरं, तुमच्या जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत नाहीत. त्यांचं रूपांतर करून घेता येतं, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याखालून घालावेच लागतात. नवीन कामं मात्र आजपासून युनिकोडमध्ये करा. ते केलंत तर पाचेक वर्षांनी हा प्रश्न पडणारच नाही, कोणतीही सिस्टिम घ्या.

लिनक्सवर मराठी टायपिंगची मात्र काळजी नको. आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं टाकली की इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स सगळं मिळतं. जोडाक्षरं लिब्रेऑफिसमध्ये आणि इंकस्केपमध्ये नीट दिसतात. मांडणीचं कोरलड्रॉ मात्र लिनक्सवर नाही.

जुनं_खोड

अवांतर: कोरल मात्र नाही असं म्हणू नका हो. कोरलड्रॉ ९ लिनक्ससाठी आलं होतं, २००० साली. त्याच्या आधी कोरल कंपनीने स्वतःचं लिनक्सच काढलं होतं. तेव्हा आम्ही चार मित्र टाळ्या वाजवत होतो की आता विंडोज संपलं. पुढे कोरलनेच ते सोडून दिलं. "यंदा लिनक्सचं वर्ष" हे वाक्य तेव्हापासून ऐकतोय, म्हणून हल्ली कुणी म्हटलं की मी चष्मा पुसतो.

पण गेमच्या बाबतीत चहावाले म्हणतात ते खरं आहे. नातू खेळतो, मी बघतो.

म्हापसेकर

मॅक मिनीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. एम४ वाला बेस मॉडेल नोव्हेंबर २०२४ मध्ये ५९,९०० ला आला. १६ जीबी रॅम, आवाज नाही, वीज कमी. माझ्याकडे आहे, फोटो आणि व्हिडिओच्या कामाला एकदम झकास. म्हापशात पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा छोट्या यूपीएसवर बराच वेळ तग धरतो.

गेम? सायबरपंक २०७७ जुलै २०२५ मध्ये मॅकवर आला, बाल्डर्स गेट ३ आहे. पण खरं सांगतो, गेमसाठी मॅक घेऊ नका. २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटचे प्रोग्राम बंद झाले, त्यात जुने गेम धडाधड गेले. व्हॅलोरंट मॅकवर नाहीच. श्रीलिपीसाठी पॅरलल्समध्ये (मॅकवरचं व्हर्च्युअल मशीन) विंडोज टाकाल, तर ते इंटेलचं नाही, एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचं विंडोज असतं, आणि लॉकचा ड्रायव्हर एआरएमसाठी नसेल तर लॉक नुसता शोभेला.

यजमानांना सांगा, दुसरं मशीन म्हणून घ्या. या मशीनच्या बदली नको.

सुताचा_गुंता

@म्हापसेकर, यजमानांना वाचून दाखवलं. "मग आवाज नाही एवढाच फायदा का" म्हणाले. 😀

@कळफलक ताई, लॉक यूएसबीचाच आहे. युनिकोडचं पटलं.

व्हॅलोरंटचं मात्र अजून कुणीच सांगितलं नाही. घरात दंगा त्याच्यावरूनच होणार आहे.

दक्षिणद्वार

व्हॅलोरंटचं मी सांगतो, जरा लांबेल.

लिनक्सवर व्हॅलोरंट चालत नाही आणि चालवता येणार नाही. कारण ग्राफिक्स नाही. कारण व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी आहे. चीटिंग करणारे पूर्वी गेमच्या शेजारी एक प्रोग्राम चालवून गेमची मेमरी वाचायचे. त्यांना पकडणारे प्रोग्राम आले, तेव्हा चीटवाले खाली कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात उतरले, जिथे ड्रायव्हर राहतात. तिथून वरच्या प्रोग्रामला हवं ते दाखवता येतं. म्हणून मग पकडणारेही कर्नलमध्ये उतरले. व्हॅनगार्ड तर विंडोज सुरू होतानाच जागा होतो, म्हणजे त्याच्या आधी कुणी घुसलं नसल्याची खात्री देता यावी.

प्रोटॉन हे विंडोजचं सोंग आहे, त्यात विंडोजचं कर्नल नसतं. व्हॅनगार्डला उतरायला तळघरच नाही. व्हर्च्युअल मशीनमध्येही तो खेळू देत नाही.

सगळेच गेम असे नाहीत. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दुसऱ्या दोन पहारेकऱ्यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनला वाट करून दिली, पण ती वाट उघडायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात. अ‍ॅपेक्स लेजेंड्स चालत होता, ३१ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी लिनक्स बंद केलं. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय आलं आणि लिनक्सवाले बाहेर. त्याच जीटीए ५ ची एकट्याने खेळायची गोष्ट अजून चालते. फोर्टनाइट, पबजी, बॅटलफील्ड ६ नाहीत. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र लिनक्ससाठीच बनवलेले आहेत.

तेव्हा लिनक्सवर गेम चालतात का, या प्रश्नाला अर्थ नाही. तुमचा गेम चालतो का, एवढंच विचारायचं. तुमच्या घरात एक उत्तम चालतो आणि एक मुळीच नाही.

आता विंडोज ११. तुमचा ७५०० यादीत नाही, यादी बहुतेक आठव्या पिढीपासून सुरू होते. पण त्या पिढीच्या बहुतेक मदरबोर्डवर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) पीटीटी नावाचं सेटिंग असतं, तेच टीपीएम २.०, विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय. ते चालू करा, सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी काही चालू न देणारं सेटिंग) चालू करा. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर हीच दोन लागतात, प्रोसेसर यादीत आहे की नाही हे तो विचारत नाही. सिक्युअर बूटसाठी डिस्कची मांडणी जीपीटी पद्धतीची लागते. जुनं इन्स्टॉलेशन आधीच्या एमबीआर पद्धतीचं असेल तर विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे. आधी बॅकअप, मग ते.

आंबट_चिंच

एवढा खटाटोप कशाला? विंडोज १० वरच राहायचं. माझ्या दुकानात अजून विंडोज ७ आहे, आकाश कोसळलं नाही.

ताळेबंद

@आंबट_चिंच, त्या ७ वर नेट बँकिंग करता का?

आंबट_चिंच

फोनवर करतो.

ताळेबंद

मग तुमचं आकाश फोनवर टांगलेलं आहे.

हिमवर्षाव

जर्मनीतून. विंडोज १० वर अजून काही महिने अधिकृतपणे राहता येतं, त्याला ईएसयू म्हणतात. सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. इथे युरोपात ते फुकट आहे, फक्त मायक्रोसॉफ्टच्या खात्याने अधूनमधून लॉगिन व्हावं लागतं. भारतात तीन वाटा आहेत: सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवला तर फुकट, नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट, नाहीतर ३० डॉलर. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणी दिसते. विंडोज १० चं २२एच२ असायला हवं.

कळफलक

१३ ऑक्टोबर! २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे दिवाळी अंक छपाईला जाण्याच्या ऐन धांदलीत ईएसयू संपणार. ताई, बदल जो करायचा तो मार्च एन्डिंग उरकल्यावर आणि ऑगस्टच्या आत करा. मे महिना उत्तम, मुलालाही सुट्टी.

सुताचा_गुंता

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहून टाकलं.

नवीन मशीन मात्र आता नकोच. रॅमचे भाव विचारले तर दुकानदार स्वतःच लाजला.

रेनकोट

रॅम एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी उचलली. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रूशियल हा घरगुती ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. असलेलं मशीन सांभाळा.

मध्यरात्रीचा_चहा

मग माझी सुधारित सूचना: एक वेगळी ५०० जीबीची एसएसडी घ्या आणि तिच्यावर लिनक्स मिंट ही लिनक्सची डिस्ट्रो, म्हणजे तयार आवृत्ती टाका. विंडोज जिथे आहे तिथे राहू दे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. बॅझाइट आणि कॅशीओएस या डिस्ट्रो गेमवाल्यांत लोकप्रिय आहेत, पण तुमचं कार्ड पास्कल पिढीचं आहे. एनव्हिडियाच्या लिनक्स ड्रायव्हरची ५८० ही शाखा पास्कलसाठी शेवटची. जी डिस्ट्रो रोज नवा ड्रायव्हर ओढते तिच्यात तुम्हाला त्रास होईल, मिंटमध्ये ५८० वर निवांत राहता येईल.

विचर ३ सुरू करताना डायरेक्टएक्स ११ की १२ असं विचारतो. ११ निवडा. पास्कल कार्डावर लिनक्समध्ये १२ चे गेम बरेच अडखळतात, ११ छान चालतात. आणि गेम विंडोजच्या डिस्कवरून चालवायच्या फंदात पडू नका. प्रोटॉन "सी:" अशा नावाची लिंक बनवतो आणि विंडोजच्या डिस्कच्या एनटीएफएस या मांडणीला नावातला अपूर्णविराम चालत नाही. गेम पुन्हा उतरवा, लिनक्सच्याच डिस्कवर.

दक्षिणद्वार

वेगळी डिस्क हा सल्ला शंभर टक्के. एकाच डिस्कवर दोन संसार नकोत. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर ड्युअल बूटवाल्या अनेकांचं लिनक्स सुरूच होईना, बातम्यांत गाजलं होतं. वेगळी डिस्क असली तरी काळजी घ्याच:

लिनक्स टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण झोपत नाही आणि लिनक्सला ती डिस्क फक्त वाचायला मिळते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून गल्ल्यात ठेवा. बायोसमध्ये टीपीएमला किंवा सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ती की मागू शकतं, आणि तेव्हा ती त्याच कॉम्प्युटरवरच्या वर्ड फाइलमध्ये असून उपयोग नाही.

सिक्युअर बूट व्हॅलोरंटसाठी कायम चालू राहील, त्यामुळे मिंटमध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगेल आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तो मागेल. तो पडदा बघून घाबरून एंटर मारत सुटू नका, तिथे "एनरोल" निवडायचं असतं. निम्मी जनता इथे अडकते.

घड्याळ साडेपाच तास मागेपुढे दिसलं तर बिघाड नाही. लिनक्स बोर्डावरचं घड्याळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत धरतं, विंडोज स्थानिक वेळेत. लिनक्सला एका कमांडने स्थानिक वेळ धरायला सांगता येतं.

ताळेबंद

एक शंका. ताईंच्या चारपैकी तीन गोष्टी विंडोजवरच राहणार. मग नवी डिस्क घेऊन लिनक्स टाकायचं ते फक्त विचरसाठी? विचर विंडोजवरही चालतोय की. मला हा हट्ट वाटतो.

दक्षिणद्वार

रास्त शंका. मीही सुरुवातीला हेच म्हणणार होतो.

पण उलट बाजूने बघा. ज्या विंडोजवर दुकानाचे हिशेब आहेत, बँक आहे, क्लायंटचे मजकूर आहेत, त्याच विंडोजच्या कर्नलमध्ये एका गेमचा ड्रायव्हर बसलाय. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मुलाला वेगळं यूजर अकाउंट दिलं तरी कर्नलला अकाउंटचा फरक नसतो. कर्नलमधली एक चूक काय करते ते १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकने दाखवलं, ८५ लाख मशीन निळी पडली, आणि ते तर सुरक्षेचं सॉफ्टवेअर होतं. शिवाय अकरावीतला मुलगा गेमच्या नादात कुठून काय उतरवेल ते वेगळंच.

म्हणून माझ्या मते लिनक्स गेमसाठी नकोच, बँकेसाठी हवं. बँक, मेल, जीएसटीचं पोर्टल बघणं, नवी युनिकोड कामं मिंटमध्ये, आणि ती डिस्क इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्ट करा म्हणजे विंडोजला ती वाचता येणार नाही. विंडोजमध्ये टॅली, श्रीलिपी, व्हॅलोरंट. सहीचा टोकनही विंडोजमध्येच राहू दे. विचर जिथे मन लागेल तिथे.

ताळेबंद

हं. असं असेल तर पटलं. टॅलीचा बॅकअप मात्र रोज पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह मुलाच्या हाती नको.

जुनं_खोड

गेमसाठी विंडोज आणि कामासाठी लिनक्स हे तर आम्ही २००० साली करत होतो.

सुताचा_गुंता

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: ईएसयूची नोंदणी काल रात्री केली, झाली. डिस्क एप्रिलमध्ये घेईन, मिंट मे महिन्यात. भाच्याला सुट्टीत बोलावलंय, आंबे खा आणि केबल काढ म्हटलं. विंडोज ११ चं जूनमध्ये बघू. लॉक व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो का तेही तेव्हाच.

शेवटचा प्रश्न. यादीत नसलेल्या मशीनवर ११ टाकलं तर पुढे अपडेट येतात का?

दक्षिणद्वार

महिन्याचे सुरक्षा अपडेट साधारण येतात, पण मायक्रोसॉफ्ट त्याची हमी देत नाही. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती मात्र आपोआप येत नाही, आयएसओ उतरवून हाताने टाकावी लागते. तेवढं दर वर्षी दिवाळी अंक संपला की करायचं. ग्राफिक्स कार्डाचं म्हणाल तर विंडोजवर पास्कलला नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले, सुरक्षेचे दर तिमाहीला ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. विचर आणि व्हॅलोरंटला तेवढं पुरे.

रेनकोट

ताई, माझ्याकडे हेच मशीन, फक्त कार्ड १६५० आहे. माझ्यासाठीही ५८० च का?

मध्यरात्रीचा_चहा

नाही. १६५० ट्युरिंग पिढीचं आहे, त्याला पुढचे ड्रायव्हर मिळतात. तुम्ही बॅझाइट बिनधास्त टाका. व्हॅलोरंट खेळत नसाल तर.

रेनकोट

खेळतो.